बुधवारचा श्रोता

परळ, मुंबई
२४ फेब्रुवारी १९५६

ती. केरुकाकांस,
शांतवनचा प्रभूमध्ये सलाम.

तुमच्या पत्राची वाट पाहून थकलो, म्हणून मीच लिहितो. तुम्ही पाळकपण सोडून नगरला गेलात त्याला वर्ष होत आलं, तरी मंडळी अजून मला ‘नवे पाळक’च म्हणते. उपदेश संपला की देवळाच्या दारात तुमच्या उपदेशांच्या आठवणी निघतात. त्याचं मला काही वाटत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

पण आज काम वेगळं आहे. पुनरुत्थानाच्या सणापासून पुढच्या रविवारांची वाचनं ठरली. सणाच्या पहाटे शिवडीच्या दफनभूमीत योहानाच्या शुभवर्तमानातली रिकामी कबर, पुढच्या रविवारी संशयी थोमा, मग अम्माऊसची वाट, मग उत्तम मेंढपाळ. कॉलेजात हे सगळं घोटून पाठ केलेलं. यंदा मात्र लिहायला बसलं की हात चालत नाही.

कारण एस्तेरबाई साळवे. त्यांचा पोरगा आनंदा जानेवारीतल्या गोळीबाराच्या दिवसांत घराबाहेर पडला तो आलाच नाही, हे तुम्हाला कळलं असेल. संयुक्त महाराष्ट्रासाठी सारं गिरणगाव तेव्हा रस्त्यावर होतं. एस्तेरबाई तापानं अंथरुणात, वर संचारबंदी. रस्ते मोकळे झाल्यावर मी आणि आपले शामराव सगळी इस्पितळं फिरलो. एका शवागारात कळलं की बेवारशी प्रेतं चळवळीतली पोरं अंत्यविधीला घेऊन गेली. कुणाकुणाची, ते कुणालाच ठाऊक नाही. आनंदा आता जिवंतांतही नाही आणि मेलेल्यांतही नाही.

तुम्ही मला शिकवलंत की उपदेश सगळ्या मंडळीला करायचा नसतो. एकच माणूस डोळ्यांसमोर धरायचा आणि त्याच्याशी बोलायचं. मी एस्तेरबाईंना धरलं. आता तुम्हीच सांगा, जिच्या मुलाला कबरच नाही त्या आईला ‘कबर रिकामी आहे, आनंद करा’ असं कुठल्या तोंडानं सांगू?

आणखी एक गोष्ट आहे. बुधवारी संध्याकाळी रिकाम्या देवळात उपदेश मोठ्यानं म्हणून पाहायची तुमची सवय मी उचलली आहे. गेले काही बुधवार एक माणूस येऊन शेवटच्या बाकावर बसतो. धोतर, काळी टोपी, ओळखीचा नाही. मी थांबलो की उठून निघून जातो. जानेवारीत मेलेल्यांसाठी मी भर उपासनेत प्रार्थना केली होती. हा सरकारचा खबऱ्या तर नसेल? काका, मला त्याची भीती वाटते. उजेड कमी होत जातो, तो जागचा हलत नाही, आणि मी बोलतो तो शब्द न् शब्द त्याला कुठेतरी लागतो आहे असं वाटत राहतं.

उत्तर लवकर धाडा.
तुमचा शांतवन


नगर
२९ फेब्रुवारी १९५६

चि. शांतवन,
आशीर्वाद.

मंडळी माझ्या आठवणी काढते, कारण मी आता तिथे नाही. होतो तेव्हा हीच मंडळी माझ्यासमोर जांभया देत होती. शामराव तर घोरायचा. तेव्हा ते मनाला लावून घेऊ नकोस. आणि तो खबऱ्या असेलच, तर बिचाऱ्याची कीव कर. तुझा कच्चा उपदेश ऐकण्याची शिक्षा सरकारनं त्याला कुठल्या गुन्ह्याबद्दल दिली कोण जाणे.

आता कामाचं. रिकामी कबर ही आनंदाची गोष्ट आहे असं तुला कुणी सांगितलं? पुन्हा वाच. पहिल्यांदा सगळे घाबरलेच. मरिया बाहेर रडत उभी होती, कारण तिला वाटलं प्रेत कुणीतरी उचलून नेलं. आनंद फार मागाहून आला. तुम्ही तरुण पाळक थेट त्या आनंदावर उडी मारता आणि रडणारी बाई मागे एकटीच राहते. तू तिच्यापाशी थांब. उठलेला प्रभू समोर उभा, पण तिला तो माळी वाटतो आणि ती त्यालाच विचारते, त्याला कुठं ठेवलंस ते सांग. हा प्रश्न बुधवारी चांगला मोठ्यानं म्हण. एस्तेर आज हेच विचारते आहे. तुझा उपदेश तिथेच आहे.

आनंदाला मेला म्हणू नकोस आणि जिवंत आहे असंही म्हणू नकोस. ते आपल्या हातात नाही.

एक विचारतो. अलीकडे त्याचं भायखळ्याकडे जाणं-येणं होतं का? तिकडून कुणी त्याच्या चौकशीला आलं होतं का? आलं असेल तर मला कळव. एस्तेरपाशी यातलं काही बोलू नकोस.

केरुबा


परळ
१५ मार्च १९५६

ती. काकांस सलाम.

तुम्ही सांगितलंत तसं केलं आणि भलतंच होऊन बसलं.

काल बुधवार. देवळात दिवा लावलेला नव्हता. तो माणूस येऊन बसला होताच. मी मरियेपर्यंत आलो आणि तुमच्या सांगण्याप्रमाणे मोठ्यानं विचारलं, “त्याला कुठं ठेवलंस? मला सांग, कुठं ठेवलंस त्याला?” बोलण्याच्या भरात माझा हात पुढे गेला होता. तो नेमका त्याच्याकडे रोखलेला होता हे माझ्या मागाहून ध्यानात आलं.

तो ताडकन उभा राहिला. मग बाकाला अडखळत तो धावत बाहेर गेला, टोपी तिथेच टाकून. मी टोपी उचलली तेव्हा ती आतून घामानं ओली होती. काका, तो उपदेश पुन्हा म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

इकडे एस्तेरबाईंचं निराळंच. गिरणीची दुसरी पाळी सुटली की जिन्यावर आनंदाच्या चपला वाजतात, असं त्या सांगतात. दार उघडून बघतात तर कुणी नसतं. शेजारच्या जाईबाईही म्हणाल्या की आवाज मलाही येतो. परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. बोलता बोलता त्या गप्प झाल्या आणि दाराकडे पाहू लागल्या. मला काही ऐकू आलं नाही. पण दाराकडे मीही पाहिलं.

मंडळीच्या वडीलधाऱ्या पंचांनी ठरवलंय की शिवडीला आनंदाच्या बापाच्या कबरीशेजारी आनंदाच्या नावाचा दगड लावायचा आणि सणाच्या पहाटे तिथे प्रार्थना करायची. म्हणजे आईचं मन एका जागी थांबेल. मी एस्तेरबाईंच्या कानावर घातलं तर त्या फाडकन म्हणाल्या, “लावा की दगड. आन् तो आल्यावर त्याला काय दावू, पाळकसायब? ही बघ तुझी कबर, असं म्हनू?”

भायखळ्याहून कुणीही आलेलं नाही. तुम्ही ते का विचारलंत?

शांतवन


नगर
१८ मार्च १९५६

चि. शांतवन,

तो खबऱ्या नाही. खबऱ्याला प्रश्न विचारला तर तो पळत नाही, उलट दोन प्रश्न आपल्यालाच विचारतो. या माणसाला काहीतरी ठाऊक आहे आणि ते त्याला पेलवत नाही.

टोपीसाठी का होईना, तो येईल. त्या दिवशी व्यासपीठावर चढू नकोस. त्याच्याआधी जाऊन त्याच्या बाकावर बस. उपदेश नको, आवाज नको. तोंड उघडलंस तर फक्त बस म्हणायला.

दगडाचं काम थांबव. पंचांनी कुरकुर केली तर माझं नाव सांग. भायखळ्याचं सहज विचारलं होतं. म्हाताऱ्या माणसाला नसत्या चौकशा लागतात.

केरुबा


परळ
२२ मार्च १९५६

ती. काकांस सलाम.

तो काल आला.

नाव धोंडू परब. मूळचा मालवणकडचा, राहायला लालबागला, गिरणीत साचेखात्यात मागावर आहे. मी टोपी पुढे केली. त्यानं ती घेतली, पण डोक्यावर घातली नाही. मी बाकावर सरकून त्याला जागा केली. मग तो म्हणाला, “साहेब, तुमी त्या दिसा माका विचारलात, खंय ठेवलंस म्हणान. मी ठेवूक नाय. मी जाळलंय.”

मग त्यानं सगळं सांगितलं. जानेवारीत संचारबंदी जराशी उठली तेव्हा चळवळीतल्या पोरांबरोबर तोही स्मशानात मदतीला गेला होता. प्रत्येक प्रेताला आग द्यायला कुणीतरी पुढे येत होतं. एका जवान पोराचं कुणीच नव्हतं. चेहरा पट्ट्यांत गुंडाळलेला. धोंडू म्हणाला, मी देतो, माझा धाकटा भाऊ समजून. कपडे काढताना गळ्यात काळ्या दोऱ्यातला पितळेचा क्रूस दिसला. एकानं शंका काढली, हा ख्रिस्ती तर नसेल? धोंडूनंच त्याला गप्प केलं. “माका वाटला, मोतमाउलीक नवस बोललेलो असतलो. बांद्र्याच्या जत्रेक आमच्या चाळीतली धा माणसां जातत, क्रूस घालून येतत. हिंदूच सगळी.” पोरं दोरा कापायला निघाली तेव्हा त्यानं तोही कापू दिला नाही. नवसाची वस्तू आहे, त्याच्याबरोबर जाऊ दे म्हणाला.

पंधरवड्यानं त्याला गिरणीत कळलं की परळचा एक ख्रिस्ती पोरगा सापडत नाही. तेव्हापासून त्याची झोप गेली आहे. “डोळो लागलो की तो येऊन उभो रवता. बोलणा नाय काय. नुसतो गळ्याकडे हात लावन दाखयता.” हे सांगताना त्यानं स्वतःच्या गळ्याला हात लावला आणि मला तिथे बसवेना.

पण खरा प्रश्न त्यानं शेवटी विचारला. “तुमी बुधवारी सांगीत होतास, शेवटच्या दिसा सगळे कबरींतसून उठतले. मगे जाळलेलो खंयसून उठतलो? मी त्याची वाट बंद केलंय काय?”

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर पाठवा.

आज सकाळी धीर करून एस्तेरबाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. क्रूसाचं नाव निघालं तशा एकदम सरळ झाल्या. “गळ्यात क्रूस? मग तो माझा न्हाई! क्रूस रोमी कॅथलिक घालतात, आपल्यात कोन घालतं? माझ्या आनंदानं कधी न्हाई घातला.” आणि त्या हसल्या, काका. जानेवारीनंतर पहिल्यांदा. बळेच चहा पाजला. सणाला नवं लुगडं नेसणार म्हणाल्या, आनंदाचा पांढरा सदराही धुऊन इस्त्रीला दिला आहे. मलाही हलकं वाटलं. कबूल करतो, फार हलकं वाटलं.

परतताना धोंडूला गाठून सांगितलं की तो एस्तेरबाईंचा नव्हता. तो रस्त्यात उभा राहून म्हणाला, “मगे कोणाचो?”

शांतवन


नगर
२७ मार्च १९५६

शांतवन,

हे पत्र बसून वाच.

तो क्रूस आनंदाचाच होता.

नाताळात आनंदा माझ्याकडे आला होता. भायखळ्याला भाजीबाजारामागे राहणाऱ्या एका कॅथलिक मुलीशी त्याला लग्न करायचं होतं. पितळेचा क्रूस, काळा दोरा, तिनंच त्याच्या गळ्यात बांधलेला. सदऱ्याच्या आत लपवायचा. आई बघेल तर म्हणेल पोरगा रोमी झाला, म्हणून घाबरायचा. मला म्हणाला, काका, तुम्हीच आईला सांगा, तुमचं ती ऐकते. मी म्हणालो, सणाला मुंबईस येईन तेव्हा सांगतो, तोवर गप्प बस. त्या पोराच्या विश्वासाखातर मी तुझ्यापाशीही बोललो नव्हतो. भायखळ्याचं विचारलं ते आशेनं. वाटलं, पोरगा तिकडे लपला असेल, लग्न करून बसला असेल. आईनं मग दोघांच्या पाठीत दोन धपाटे घातले असते आणि घरात घेतलं असतं. तुझं पत्र वाचलं आणि ती आशा गेली. त्या मुलीला मी लिहितो. एस्तेरला मात्र तुलाच सांगावं लागेल. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे पत्रही शेजारच्या मास्तरकडून लिहवून घेतोय, प्रवास झेपणार नाही. सणाच्या आधी सांग. पोरगा येणार म्हणून ती शिवडीच्या फाटकाकडे बघत उभी राहील, तसं होऊ देऊ नकोस.

धोंडूला सांग, प्रभूच्या नावासाठी आपल्या किती माणसांना जाळून मारलं, कितींना समुद्रानं गिळलं. ज्यानं मातीतून माणूस केला त्याला राखेतून करायला काही जड नाही. धोंडूच्या हातच्या काडीनं देवाची वाट बंद होत नाही. हे माझं म्हणणं आहे आणि मी मरेपर्यंत हेच म्हणेन. पण आईला हे पहिल्या दिवशी सांगू नकोस. तिला फक्त झालं ते सांग, आणि बस तिच्यापाशी.

मला फार वाईट वाटतंय रे. पोरगा माझ्या हातून बाप्तिस्मा घेतलेला.

केरुबा


परळ
९ एप्रिल १९५६

ती. काकांस सलाम.

सुट्ट्यांमुळे तुमचं पत्र सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी मिळालं. तसाच चाळीत गेलो तर एस्तेरबाई शिवडीला गेलेल्या. तिथे पोचलो. बायका कबरींना चुना लावत होत्या. एस्तेरबाई नवऱ्याच्या कबरीपाशी बसून ब्रश मारत होत्या आणि जाईबाईंची थट्टा करत होत्या की तुझ्यापेक्षा तुझी सासू मेल्यावर गोरी दिसते. बायका पोट धरून हसत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “या पाळकसायब, उद्याचा उपदेस लांबवू नका हं, मला घरी लवकर जायचंय, कोन आलं तर दार बंद नको.” तुमचं पत्र खिशातच ठेवून मी परत आलो.

पहाटे सगळी मंडळी कबरींमध्ये उभी होती. मेणबत्त्या, शेवंतीची फुलं, खाडीवरून येणारा चिखलाचा वास. मी म्हणालो, “प्रभू उठला आहे!” सगळे म्हणाले, “खरोखर उठला आहे!” आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर एक आवाज एकटाच उठला, खणखणीत, “खरोखर उठला आहे!” एस्तेरबाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या फाटकाकडे पाहत होत्या. लिहून आणलेलं सगळं सोडून मी फक्त मरियेच्या रडण्याबद्दल बोललो. थोडंच बोललो.

लोक चहाला पांगल्यावर त्यांना नवऱ्याच्या कबरीच्या कडेवर बसवलं आणि सांगितलं. भायखळ्याची मुलगी, दोरा, नाताळ, सगळं. शेवटी त्यांनी विचारलं, “काळाच दोरा होता?” मी हो म्हणालो. “जाळला,” एवढंच त्या म्हणाल्या. मग उठून चालू लागल्या. लुगड्याला ओला चुना लागला होता. पुढे आठवडाभर त्यांचं दार बंद होतं. जाईबाई ताट ठेवून यायच्या, तसंच परत आणायच्या. मला दारातून उत्तरही मिळालं नाही. वाटलं, आता ही बाई जाणार.

बुधवारी धोंडूला तुमचं उत्तर सांगितलं. तो आनंदाच होता, हेही सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, “तुमचो देव करीत, माका पटला. पण तिका मी काय सांगू?” मी म्हणालो, रविवारी ये. कशासाठी, ते मलाही ठाऊक नव्हतं.

काल रविवार. वाचन थोमाचं. तीन वेळा उपदेश लिहिला आणि तीनही वेळा फाडला, कारण ‘जखमांना हात लावून पाहा’ हे प्रभूनं थोमाला म्हटलेलं वाक्य जिच्यापुढे म्हणायचं तिला हात लावायला काही उरलं नव्हतं. धोंडू शेवटच्या बाकावर होता. आणि एस्तेरबाई आल्या, काका. उपासना सुरू झाल्यावर आल्या, भिंतीला धरून चालत. धोंडूला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. पण धोतरातला एकच परका माणूस देवळात, तोही त्यांना पाहून उठून उभा राहिलेला. त्यांना कळलं.

मी वाचत होतो ते थांबलो. बायकांची बाजू सोडून त्या सरळ पुरुषांच्या बाजूला गेल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं आता मारतात. धोंडूलाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली आणि हात जोडले.

एस्तेरबाईंनी विचारलं, “त्याला आग देताना कुनी रडलं का?”

सगळ्या देवळात ऐकू गेलं.

धोंडू म्हणाला, “मी रडलंय, बाये. तो माझो कोण नाय. पण कोणतरी रडाक होया ना? मी रडलंय.”

त्या त्याच्या बाजूला बाकावर बसल्या, पदर तोंडात धरला आणि मोठ्यानं रडू लागल्या. त्या जानेवारीपासून रडलेल्याच नव्हत्या हे मला तेव्हा समजलं. धोंडू उभाच होता. त्यांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. कुणी गीत सुरू केलं नाही. शामराव जागे होते, डोळे पुसत होते.

माझा उपदेश अर्धवट राहिला. मी व्यासपीठावरून उतरलो आणि एस्तेरबाईंच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो.

तुमचा शांतवन